निकालाआधीचा निवाडा : हैदराबादच्या कुटुंब न्यायालयाविषयी

प्रस्तावना

घटस्फोटाचा दावा म्हटला की सर्वसाधारण वाचकाचे लक्ष विवाह टिकला की मोडला, या एकाच प्रश्नाकडे जाते. हैदराबादसारख्या शहरातील कुटुंब न्यायालयाचे कामकाज बारकाईने पाहणाऱ्याला मात्र लवकरच उमगते की पक्षकारांच्या आयुष्याचा निवाडा हुकूमनाम्याच्या दिवशी क्वचितच होतो. तो बहुधा अर्ज दाखल झाल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या मधल्या काळात होऊन गेलेला असतो. या काळात मूल कोणाकडे राहिले, पोटगी सुरू झाली की नुसतीच मागितली गेली, दावा कोणत्या गावी चालला आणि तिथवर जाण्याचे भाडे कोणाच्या खिशातून गेले, या गोष्टी अंतिम निकालापेक्षा अधिक खोल परिणाम करून जातात. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा मधला काळ आहे. कायद्याची कलमे त्यात अर्थातच येतात, परंतु ती न्यायालयाच्या दालनात प्रत्यक्ष कशी वापरली जातात हे समजून घेण्यापुरतीच.

कुटुंबाच्या तंट्यांसाठी वेगळे न्यायालय असावे ही कल्पना भारतात रुजली तिच्यामागे एका अशा स्त्रीचे नाव आहे, जिचा संबंध हैदराबादशीही आहे आणि महाराष्ट्राशीही. संविधान सभेच्या सदस्य आणि आंध्र महिला सभेच्या संस्थापक दुर्गाबाई देशमुख १९५३ साली चीनच्या दौऱ्यावर गेल्या असताना त्यांनी तेथील कुटुंब न्यायालये पाहिली, आणि परत आल्यावर न्यायमूर्ती एम. सी. छागला, न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर व पंतप्रधान नेहरू यांच्याशी या विषयावर चर्चा केली. त्याच वर्षी त्यांचा चिंतामणराव देशमुखांशी विवाह झाला, आणि उत्तरायुष्यात हे दांपत्य हैदराबादेत स्थायिक झाले. दुर्गाबाईंच्या कल्पनेला कायद्याचे रूप यायला मात्र तीन दशके लागली. १९७४ साली विधी आयोगाने आपल्या ५९ व्या अहवालात सांगितले की कौटुंबिक वादांकडे न्यायालयाने नेहमीच्या दिवाणी दाव्यांपेक्षा वेगळ्या दृष्टीने पाहावे. १९७६ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत कौटुंबिक दाव्यांसाठी स्वतंत्र आदेश समाविष्ट झाला. आणि अखेर १९८४ साली कुटुंब न्यायालय अधिनियम संमत झाला. दुर्गाबाई तो पाहायला राहिल्या नव्हत्या.

या अधिनियमाने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत कुटुंब न्यायालय स्थापणे राज्य सरकारांवर बंधनकारक केले, आणि पूर्वी दिवाणी व फौजदारी अशा दोन ठिकाणी विखुरलेले अधिकार एकत्र आणले. विवाह रद्द ठरवणे, घटस्फोट, न्यायिक विभक्तता (म्हणजे विवाह कायम ठेवून एकत्र राहण्याच्या बंधनातून मोकळीक), पतिपत्नीमधील मालमत्तेचा वाद, अपत्याचे औरसत्व, मुलांचा ताबा आणि पोटगी हे सारे विषय एकाच न्यायाधीशासमोर यावेत, असा हा हेतू होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या न्यायाधीशाला अधिनियमाने नेहमीच्या काही बेड्यांतून मोकळे केले. तडजोडीचा प्रयत्न करणे हे कलम ९ नुसार त्याचे कर्तव्य आहे; कोणत्याही एका पक्षाची इच्छा असल्यास कलम ११ नुसार कामकाज बंद दालनात चालवले जाते; पुराव्याच्या कायद्यात न बसणारे कागदही वाद सोडवायला उपयोगी वाटल्यास कलम १४ नुसार त्याला विचारात घेता येतात. कलम १३ तर सांगते की वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाला वाटल्यास ते कायदेतज्ज्ञाला न्यायमित्र म्हणून बोलावू शकते. प्रत्यक्षात बहुतेक दाव्यांत परवानगीचा अर्ज देऊन दोन्ही बाजूंनी वकील उभे राहतात, आणि ज्या पक्षकाराला वकील परवडत नाही त्याच्या वाट्याला कायद्याने अभिप्रेत असलेले ते साधे, अनौपचारिक न्यायालय येत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो. ही गोष्ट न्यायालयाच्या पायरीवर उभ्या असलेल्या अनेक स्त्रियांना माहीत नसते, म्हणून ती येथे सुरुवातीलाच नोंदवणे आवश्यक वाटते.

जुन्या शहरात, एके काळी निजामांचे निवासस्थान असलेल्या पुराणी हवेलीच्या परिसरात हैदराबादच्या कुटुंब न्यायालयाचे कामकाज चालते. सिकंदराबाद आणि लगतच्या जिल्ह्यांसाठी स्वतंत्र न्यायालये आहेत. येथे एकाच दिवशीच्या कामकाजाच्या यादीत हिंदू विवाह अधिनियम १९५५, मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम १९३९, ख्रिस्ती पक्षकारांसाठीचा १८६९ चा घटस्फोट अधिनियम आणि १९५४ चा विशेष विवाह अधिनियम अशा निरनिराळ्या कायद्यांखालील अर्ज एकापाठोपाठ एक पुकारले जाऊ शकतात, आणि न्यायाधीशाला प्रत्येक पुकाऱ्यासरशी विवाहाची कल्पनाच बदलून घ्यावी लागते. हिंदूंच्या बाबतीतही चित्र एकसारखे नाही. १९५५ च्या अधिनियमाच्या कलम २९ ने रूढीने मिळणारा घटस्फोट शाबूत ठेवला असल्याने जातपंचांसमोर झालेली काडीमोड आजही वैध ठरू शकते, परंतु ती रूढी प्राचीन आणि अखंड असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर विसंबणाऱ्याची असते. पंचांच्या सह्यांचा एक कागद हाती असलेली स्त्री नोकरीच्या, पेन्शनच्या वा दुसऱ्या विवाहाच्या वेळी अडते ती नेमकी इथे. मुस्लिम स्त्रीच्या खुल्याबाबत, म्हणजे पत्नीने पुढाकार घेऊन मागितलेल्या विभक्ततेबाबत, तेलंगणा उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे: खुला मागण्याचा पत्नीचा हक्क पतीच्या संमतीवर अवलंबून नाही आणि मुफ्तींचे प्रमाणपत्र त्यासाठी अनिवार्य नाही, असे त्यात स्पष्ट केले गेले. कुटुंब न्यायालयाचे काम खुला झाल्याची थोडक्यात खातरजमा करून त्यावर शिक्कामोर्तब करण्याचे, एवढेच उरते.

अर्जाचा प्रवास बाहेरून सरळ दिसतो. घटस्फोटाच्या अर्जाला ओ.पी. क्रमांक मिळतो, पोटगीच्या स्वतंत्र अर्जाला एम.सी., आणि मूळ अर्ज चालू असताना दिलेल्या प्रत्येक अंतरिम अर्जाला आय.ए.; या आद्याक्षरांनीच वकील, कारकून आणि काही महिन्यांनी स्वतः पक्षकारही दाव्याविषयी बोलू लागतात. जाबदाराला नोटीस जाते, तो हजर होऊन लेखी म्हणणे देतो, ज्याला हैदराबादेत ‘काउंटर’ म्हणतात. त्यानंतर समुपदेशकाकडे किंवा मध्यस्थी केंद्राकडे पाठवणी होते. तडजोड झाली नाही, तर सरतपासणीचे शपथपत्र, उलटतपासणी, युक्तिवाद आणि निकाल असा क्रम लागतो. नोटीस लागू होऊनही जाबदार आला नाही, तर दावा एकतर्फी चालतो. पुढे त्याने पुरेसे कारण दाखवले तर तो हुकूमनामा रद्द होऊन सारे पुन्हा सुरू होऊ शकते. याच सुमारास दुसरीकडे दंडाधिकाऱ्यासमोर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचा अर्ज आणि पोलिसांकडे क्रूरतेची फौजदारी तक्रार असेल, तर एकाच संसाराच्या चार फायली चार ठिकाणी फिरत राहतात. १९८४ च्या अधिनियमाला ज्या विखुरलेपणाचा अंत करायचा होता ते २००५ नंतर वेगळ्या वाटेने परत आले, हे मान्य करावेच लागते. मात्र त्याचा दोष २००५ च्या कायद्यावर टाकणे अन्यायाचे होईल, कारण पीडित स्त्रीला तातडीने निवारा आणि संरक्षण देण्याचे जे काम त्याने केले ते त्याआधीचा कोणताही कायदा करत नव्हता. शिवाय त्याच कायद्याच्या कलम २६ नुसार हे दिलासे कुटुंब न्यायालयातही मागता येतात. ही तरतूद जितकी वापरली जायला हवी तितकी वापरली जात नाही.

साक्षीच्या टप्प्यावर हैदराबादचे एक वैशिष्ट्य जवळून पाहण्यासारखे आहे. काचीगुड्यात वा सुलतान बाजारात वाढलेली मराठी स्त्री साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते तेव्हा तिच्या संसाराची भाषा मराठी असते, तिला प्रश्न विचारला जातो तो तेलुगूत किंवा हैदराबादी हिंदीत, ती उत्तर देते ते मोडक्यातोडक्या हिंदीत, आणि कागदावर उतरते ते न्यायाधीशांनी इंग्रजीत सांगितलेले वाक्य. सासूने ‘टोचून बोलणे’, नवऱ्याने ‘अबोला धरणे’, दिराने ‘पाणउतारा करणे’ या तीन अगदी वेगळ्या गोष्टी या प्रवासात ‘छळ केला’ अशा एकाच सपाट शब्दात विरघळतात. अधिनियमाचे कलम १५ तर साक्षीचा फक्त सारांश नोंदवण्याची मुभा देते. वेळ वाचवण्यासाठी केलेली ही सोय समजण्याजोगी आहे. तरीही मानसिक क्रूरतेचा दावा जिथे तपशिलावरच उभा असतो, तिथे सारांशाने काय हरवते याचा विचार उच्च न्यायालयात अपील गेल्यावर होण्यापेक्षा साक्ष चालू असतानाच व्हायला हवा.

क्रूरतेची कायदेशीर कल्पना घडली ती एका मराठी दांपत्याच्या दाव्यातून. पुण्यातल्या दास्ताने विरुद्ध दास्ताने या प्रकरणात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी मार्च १९७५ मध्ये लिहिलेल्या निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. वैवाहिक दाव्यात आरोप फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय सिद्ध करावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे ज्या बाजूला झुकते तेवढे पुरेसे असते. आणि क्रूरता सिद्ध झाली तरी जोडीदाराने ती माफ करून संसार पुढे चालवला असेल तर तिच्या आधारे दाद मागता येत नाही. दुसऱ्या वर्षी, १९७६ च्या दुरुस्तीने, क्रूरता हे हिंदू विवाह अधिनियमाखाली घटस्फोटाचे कारण ठरले. तोवर त्यावर केवळ न्यायिक विभक्तता मिळत असे.

नांदायला आणण्याच्या दाव्याची, म्हणजे वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेच्या अर्जाची, कथा याहून गुंतागुंतीची आहे आणि तिचे एक निर्णायक प्रकरण हैदराबादेत घडले. महाराष्ट्राला रखमाबाईंचा खटला माहीत आहे: बालपणी झालेला विवाह नाकारणाऱ्या रखमाबाईंना मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये दिलासा दिला, १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जा अथवा तुरुंगात जा असा हुकूम केला, आणि पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांच्या तडजोडीने प्रकरण मिटल्यावर त्या वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या. या खटल्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, चित्रपट अभिनेत्री सरिता यांच्या प्रकरणात आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी हिंदू विवाह अधिनियमाचे कलम ९ घटनाबाह्य ठरवले. नको असलेल्या पुरुषाबरोबर राहण्याची सक्ती राज्यसत्तेने स्त्रीवर करणे हा तिच्या प्रतिष्ठेवर आणि खासगी जीवनावर घाला आहे, ही त्यांची भूमिका होती. मूसी नदीच्या काठच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीतून निघालेला हा निर्णय वर्षभरच टिकला. ऑगस्ट १९८४ मध्ये सरोज राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ९ वैध ठरवले, आणि ते आजही वापरात आहे. वापर मात्र बहुधा नांदण्यासाठी नसतो. पत्नीने पोटगी मागितली की पतीने नांदायला येण्याचा अर्ज टाकायचा, आणि ‘मी घ्यायला तयार आहे, तीच येत नाही’ असे म्हणून पोटगी टाळायची, हा जुना डाव आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पतीच्या बाजूने असा हुकूम झाला आणि पत्नी परतली नाही, तरी तेवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बंद होत नाही. दुसरा उपयोग त्याहून विचित्र आहे: हुकूम होऊन वर्षभरात पुन्हा एकत्र राहणे झाले नाही, तर कलम १३ च्या पोटकलमानुसार तेच घटस्फोटाचे कारण बनते, म्हणजे संसार जोडण्यासाठी दिलेला हुकूम संसार मोडण्याची पायरी होतो. न्यायमूर्ती चौधरींचा निर्णय रद्द झाला असला तरी त्यांनी विचारलेला प्रश्न अजून निरुत्तर आहे, असे या ग्रंथाचे स्पष्ट मत आहे.

मधल्या काळाचा कणा म्हणजे अंतरिम पोटगी. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ खाली पती वा पत्नी, ज्याला स्वतंत्र पुरेसे उत्पन्न नाही तो, दावा चालू असतानाचा निर्वाह आणि दाव्याचा खर्च मागू शकतो. याखेरीज फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले, कोणत्याही धर्माच्या पत्नीला, मुलांना आणि आईवडिलांना पोटगीचा हक्क देते. दोन्हीकडे अंतरिम अर्ज नोटीस लागू झाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढण्याची अपेक्षा आहे, आणि ती बहुधा अपेक्षाच राहते. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर शपथपत्र देणे सक्तीचे केले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. हे शपथपत्र म्हणजे एका घराचा उघडा जमाखर्च असतो: पगाराची चिठ्ठी, आयकर विवरणपत्रे, बँकेचे उतारे, गाडीचे आणि घराचे हप्ते, विम्याचे हप्ते, दागिने कोणाकडे आहेत, मुलांच्या शाळेची फी कोण भरतो. माधापूरच्या एखाद्या कंपनीत नोकरी करणाऱ्या पतीचे मूळ वेतन आणि हातात येणारी एकूण रक्कम यांत किती अंतर आहे हे येथे उघडे पडते. जो रोजंदारीवर वा स्वतःच्या छोट्या दुकानावर जगतो त्याच्या बाबतीत मात्र कागदच नसतात आणि न्यायाधीशाला अंदाज बांधावा लागतो. कागद असलेल्यांना ही पद्धत अधिक न्याय देते, ही तिची मर्यादा आहे.

तेलंगणातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणाने या विषयात १९८५ च्या शाहबानो निकालापासून चालत आलेला वाद पुढे नेला. कुटुंब न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम पत्नीला दरमहा २०,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली होती, उच्च न्यायालयाने ती १०,००० वर आणली, आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठीच्या १९८६ च्या कायद्यानंतर अशा स्त्रीला कलम १२५ उपलब्धच नाही असे म्हणत पती वर गेला. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांनी १० जुलै २०२४ रोजी हा मुद्दा फेटाळला: १९८६ चा कायदा जादा मार्ग देतो, आधीचा मार्ग बंद करत नाही. राष्ट्रीय पातळीवर गाजलेला हा निकाल मुळात अंतरिम पोटगीच्या एका आदेशावरचा होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचे प्रकरण अधिकारक्षेत्राचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद आणि औरंगाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. नांदेडचा पक्षकार अपिलासाठी हैदराबादच्याच उच्च न्यायालयात येई, जिथे केशवराव कोरटकरांसारखे मराठी न्यायाधीशही बसले होते. राज्ये बदलली, सोयरिकी तशाच चालू राहिल्या. नांदेडची मुलगी हैदराबादच्या घरी दिली, बिनसले, ती माहेरी परतली, तर पती शेवटचे एकत्र वास्तव्य जिथे होते त्या हैदराबादेत घटस्फोटाचा अर्ज करतो आणि पत्नी, २००३ च्या दुरुस्तीमुळे, स्वतः राहते त्या नांदेडमध्ये. दोन राज्यांतील दोन न्यायालयांत एकाच संसाराचे दोन दावे उभे राहतात, आणि ते एकत्र आणण्याचा अधिकार ना तेलंगणा उच्च न्यायालयाला असतो ना मुंबई उच्च न्यायालयाला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली दावा वर्ग करण्याचा अर्ज थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावरील दोन गावांतल्या वादासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागणे हा प्रक्रियेचा दोष आहे, आणि त्याची किंमत बहुतांशी पत्नीच मोजते. २०१७ मध्ये जबलपूरचा दावा हैदराबादला आणण्याच्या एका अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य प्रणालीचा पर्याय सुचवला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने त्याला मर्यादा घातली, कारण पडद्यावरून तडजोडीचा संवाद होत नाही असे त्यांना वाटले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्न मत नोंदवले. पुढे महासाथीच्या काळात न्यायालये पडद्यावरून चालली तेव्हा त्या भिन्नमताचे मोल कळले.

परदेशस्थांचे दावे हैदराबादेत मोठ्या संख्येने दिसतात. त्यांचा पाया जुलै १९९१ च्या वाय. नरसिंह राव प्रकरणात आहे: तिरुपतीला लग्न झालेल्या दांपत्याच्या पतीने अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या न्यायालयातून आणलेला घटस्फोट सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही, आणि ज्या कायद्याने विवाह झाला त्यातील कारण व अधिकारक्षेत्र नसेल, तर पत्नीने स्वेच्छेने तिथे हजर राहून संमती दिल्याशिवाय परदेशी हुकूमनामा येथे चालत नाही असा नियम घातला.

परस्परसंमतीच्या घटस्फोटाविषयी थोडक्यात सांगता येईल. १९७६ मध्ये आलेल्या कलम १३ ब नुसार वर्षभर वेगळे राहिलेले दांपत्य संयुक्त अर्ज करू शकते आणि सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा संमती सांगायची असते. सप्टेंबर २०१७ पासून हा थांबा योग्य प्रकरणी माफ होऊ शकतो. मात्र हुकूमनामा होईपर्यंत कोणीही एक जण संमती मागे घेऊ शकतो, म्हणून ठरलेली रक्कम कोणत्या टप्प्यावर द्यायची यावर तडजोडीच्या मसुद्यात सर्वाधिक घासाघीस होते.

मुलांच्या ताब्याला १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम लागू होतात. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे, आणि सर्वांवर मुलाचे हित, ही त्यांची सूत्रे आहेत. तरीही अर्ज निकाली निघेपर्यंत मूल ज्याच्याकडे राहिले त्याच्याच शाळेला, शेजाराला आणि आजी-आजोबांना ते सरावते, आणि मग त्याला हलवू नये हाच हिताचा सर्वांत बळकट युक्तिवाद ठरतो. म्हणूनच आठवड्याच्या भेटीचा अंतरिम आदेश, आणि २०२० च्या यशिता साहू निकालानंतर रूढ झालेला दूरध्वनी व व्हिडिओ संपर्काचा हक्क, यांना दुय्यम समजणारा वकील आपल्या पक्षकाराचे मोठे नुकसान करतो.

हुकूमनाम्यानंतरही काही काळ दावा पूर्णतः संपलेला नसतो. कुटुंब न्यायालय अधिनियमात अपिलासाठी ३० दिवस आहेत, हिंदू विवाह अधिनियमात २००३ पासून ९० दिवस. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हिंदू विवाहाच्या प्रकरणी ९० दिवस धरावेत असे सांगितले आहे, आणि अपिलाची मुदत टळेपर्यंत पुनर्विवाह करता येत नाही. पोटगीची थकबाकी वसूल करण्यासाठी ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत वॉरंटचा अर्ज करावा लागतो. वर्ष उलटले की तेवढ्या थकबाकीपुरती ही वाट बंद होते, आणि न भरलेल्या प्रत्येक महिन्यामागे न्यायालय एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. पती दुसऱ्या राज्यात असला तरी, तो जिथे राहतो तेथील दंडाधिकाऱ्यासमोर त्याच आदेशाची अंमलबजावणी मागता येते, त्यासाठी दावा वर्ग करण्याची वा दिल्लीला जाण्याची गरज नसते. हैदराबादचा आदेश हाती घेऊन नांदेडच्या न्यायालयात वसुलीचा अर्ज कसा करायचा, याचा नमुना आणि सोबत जोडायच्या कागदांचा तपशील अखेरच्या प्रकरणात दिला आहे.